जोडीदाराला हार्ट ॲटॅक येतो तेव्हा: कॅथ लॅबच्या बाहेर बसलेल्या माणसासाठी

कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी जिथे करतात त्या खोलीच्या, दाराशी एक तरुण डॉक्टर कागद पुढे करतो आणि पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. मोठा ॲटॅक आहे, मुख्य नस बंद आहे, अँजिओप्लास्टी लगेच करावी लागेल, धोका आहे, इथे सही करा, खाली काउंटरवर डिपॉझिट भरा. यातलं 'धोका आहे' तेवढंच डोक्यात शिरतं. सही होते, दार बंद होतं, आणि हातात एक प्लॅस्टिकची पिशवी उरते. तिच्यात नवऱ्याचं घड्याळ-पाकीट असतं, नाहीतर बायकोचं मंगळसूत्र.

हा लेख ती पिशवी धरून बसलेल्या माणसासाठी आहे. पेशंटने काय खावं, किती चालावं याची माहिती ढीगभर मिळते. जोडीदाराला मात्र 'धीर धरा' आणि 'आता त्यांना जपा' यापलीकडे फारसं कुणी काही सांगत नाही. माझ्या नवऱ्याला ॲटॅक आला तेव्हा मलाही एवढंच सांगितलं गेलं. बाकीचं नंतर वाचून आणि डॉक्टरांच्या मागे लागून कळलं. त्यातून झालेलं माझं मत आधीच सांगते. आपली भीती खरी असते, पण ती नेमकी कशाची हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आपण सगळ्यालाच घाबरतो आणि नवरा-बायकोचं नातं बाजूला राहून पहारेकरी होऊन बसतो. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कळलं की पहारा बराच सैल होतो.

दाराच्या आत काय चाललेलं असतं

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. एक दिवस फोड फुटावा तसा तो थर फुटतो, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पलीकडच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरायला लागतो. हे एका क्षणात होत नाही, काही तास चालतं. म्हणूनच सगळी धावपळ असते. वाट जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो.

ईसीजीत विशिष्ट बदल दिसले, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'स्टेमी' असला, तर नस पूर्ण बंद आहे असं धरून पेशंटला थेट कॅथ लॅबमध्ये नेतात. हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत नस उघडावी, असं त्यांचं उद्दिष्ट असतं. तसे बदल नसतील तर ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं हे प्रथिन चढायला वेळ लागतो. अशा वेळी 'ॲटॅक आहे म्हणता आणि काहीच का करत नाही?' असं वाटतं. पण तो हलगर्जीपणा नसतो. त्या प्रकारात अँजिओग्राफी, म्हणजे नस कुठे अडलीय ते बघायची तपासणी, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी करणं हीच रीत आहे.

तालुक्याच्या गावी आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन मग नाशिकला किंवा कोल्हापूरला पाठवलं असेल, तर वेळ फुकट गेला असं मनात घेऊ नका. दोन तासांच्या आत कॅथ लॅब गाठता येणार नसेल तर स्टेमीत ते इंजेक्शनच योग्य उपचार आहे. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. बऱ्याच जणांची नस त्यानेच उघडते. पुढची अँजिओग्राफी मग साधारण दिवसभरात करतात.

अँजिओप्लास्टीत पेशंट जागा असतो. मनगटातून, क्वचित जांघेतून, बारीक नळी आत जाते, फुग्याने वाट मोकळी करतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून जाळीदार नळी म्हणजे स्टेंट बसवतात. बाहेर येऊन डॉक्टर म्हणतात, 'अजून दोन ब्लॉक आहेत, ते नंतर बघू.' हे ऐकून निम्मा जीव जातो. खरं तर ॲटॅक ज्या नसेमुळे आला ती उघडणं त्या घडीला महत्त्वाचं असतं. बाकीच्यांचं काय करायचं हे पुढच्या दिवसांत किंवा काही आठवड्यांत ठरवता येतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. हार्ट ॲटॅक आणि कार्डियाक अरेस्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲटॅकमध्ये रक्ताची वाट अडते, पण हृदय चालू असतं, माणूस बोलत असतो. अरेस्टमध्ये हृदयाचं विजेचं काम बिघडून ते रक्त ढकलणं थांबवतं आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. ॲटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, विशेषतः पहिल्या काही तासांत. त्यासाठीच आयसीयूत मॉनिटर लावून ठेवतात. तो मॉनिटर मधूनच ओरडतो, आणि पुष्कळदा कारण एवढंच असतं की पेशंट कुशीवर वळला आणि छातीवरची एखादी चिकटपट्टी सुटली.

'मला आधी कळायला हवं होतं'

'मला आधी कळायला हवं होतं' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जोडीदार म्हणतो. रात्री त्याने पित्त झालंय म्हणून सोडा घेतला आणि मी झोपले. मागच्याच महिन्यात चेकअप झालं होतं, ईसीजी नॉर्मल होता. त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं.

ईसीजी त्या मिनिटाचं चित्र दाखवतो, उद्याचं नाही. स्ट्रेस टेस्ट नॉर्मल येऊनही ॲटॅक येऊ शकतो, कारण फुटणारा थर पुष्कळदा इतका मोठा नसतो की तो आधी रक्ताला अडवेल. निम्म्यापेक्षा कमी अरुंद झालेली नसही अचानक बंद पडते. भांडणाबद्दल मात्र खोटा दिलासा देणार नाही. रागाच्या जोरदार उद्रेकानंतर पुढचे दोनेक तास ॲटॅकची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. पण राग निमित्त होतो. फुटणारा थर बनायला वीस-तीस वर्षं लागलेली असतात. त्या वर्षांत तंबाखू असते, साखर असते, बीपी असतं, आईवडिलांकडून आलेला वारसा असतो. सकाळचं भांडण नसतं तर कदाचित जिना चढताना झालं असतं.

आपल्याकडे हे सगळं लवकर होतं, हाही भाग आहे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या ॲटॅकचं सरासरी वय ५३ आलं, बाकी जगात ते ५९ च्या आसपास होतं. घराचा हप्ता चालू असतो, मुलगी बारावीला असते, तेव्हा ॲटॅक येतो. भीतीमध्ये पैशाची भीती मिसळलेली असते, आणि ती बोलून दाखवायची लाज वाटते.

पैशाचं बोलूनच घेऊ

लाजू नका, काउंटरवर सरळ विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डावरही ती मिळते, त्यामुळे 'आपण त्यात बसत नाही' हे जुनं गृहीत सोडा. अट एवढीच की हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला गाठा. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी होते. इमर्जन्सीत फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. हे ठाऊक नसल्याने लोक रेशनकार्ड शोधायला घरी पळतात.

मेडिक्लेम असेल तर टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरला, २४ तासांच्या आत कळवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशानुसार कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. हे वाक्य डेस्कवर शांतपणे उच्चारलं की काम हलतं. खोली निवडताना पॉलिसीतली भाड्याची मर्यादा बघा. महागडी खोली घेतलीत तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च यांचीही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. नातेवाईक म्हणतात, 'या वेळी पैशाकडे बघू नका, स्पेशल रूम घ्या.' ते बिल भरायला येत नाहीत.

स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी तसा स्टेंट लाखाच्या वर जात असे. पुढे महागाईप्रमाणे मर्यादा थोडी वर सरकली आहे. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली असावी, आणि त्याच्या वेष्टनावरचं स्टिकर फाइलला लावलेलं असावं. पहिला ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि ते स्टिकर या चार गोष्टी जन्मभर लागतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पुष्कळ घरांत बँकेचं, विम्याचं, गॅसपासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंतचं सगळं एकाच्याच फोनमध्ये असतं, आणि तो माणूस आयसीयूत असतो. घरी आल्यावर महिन्याभरात बसून हे दोघांनाही माहीत करून घ्या. अपशकुन वगैरे काही नसतो त्यात.

एवढ्या लवकर घरी?

सगळं सुरळीत असेल तर साधारण दोन ते चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो. पेशंट खूश असतो, आपण हादरलेले. हॉस्पिटलात यंत्रं होती, नर्स होती. घरी आपणच. रात्री दोनला उठून छाती वरखाली होतेय ना हे बघणं, बाथरूमचं दार आतून लावू न देणं, तो जरा खोकला की 'काय होतंय?' हे सगळ्यांकडे होतं.

आधी आकडा समजून घ्या. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या कागदावर 'ईएफ' लिहिलेलं असतं, बोलताना 'पंपिंग' म्हणतात. 'पंपिंग ४५ टक्केच आहे' ऐकल्यावर हृदय अर्ध्याहून जास्त निकामी झालं असं वाटतं. तसं नाही. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आपल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो, त्याची ती टक्केवारी आहे. निरोगी माणसाचीसुद्धा ५५ ते ७० असते, १०० कुणाचीच नसते. शिवाय ॲटॅकनंतर लगेच काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आणि काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. म्हणून दीड ते तीन महिन्यांनी इको परत करतात. खरा आकडा तो.

मग गोळ्या. यांचे काही परिणाम हुबेहूब हृदय बिघडल्यासारखे वाटतात, आणि जोडीदाराची झोप उडते ती इथे. टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर काहींना बसल्याबसल्या धाप लागल्यासारखं होतं. हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने नाडी मंदावते, थकवा येतो. रामिप्रिल गटातल्या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो. असं झालं तर डॉक्टरांना फोन करा, ते गोळी बदलून देतील. आपण होऊन बंद मात्र करायची नाही. ॲस्पिरिन बहुधा कायम चालते, तिच्या जोडीची दुसरी गोळी साधारण वर्षभर. ती मध्येच सोडली तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते, आणि तो ॲटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचाय म्हणून, संकष्टी आहे म्हणून, भावकीतल्या कुणी 'काढ्याने ब्लॉक विरघळतात' म्हटलं म्हणून, कशासाठीही नाही. उपास करायचा असेल तर गोळ्या घेऊन करा. मधुमेह असेल तर आधी विचारून.

खरोखर लक्ष ठेवायच्या खुणा थोड्या आहेत. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणं, पायांवर सूज, आडवं झालं की धाप लागणं आणि उठून बसलं की बरं वाटणं, चक्कर येऊन पडणं, काळी शी होणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनगटावर निळसर डाग दिसतो, त्याचं काही नसतं. पण तिथे गाठ वाढत चालली तर घट्ट दाबून धरून हॉस्पिटल गाठा. छातीत बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणारी, कूस बदलली की बदलणारी कळ बहुतेक वेळा स्नायूंची असते.

घरात येऊन जाणाऱ्या प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. 'वहिनी, आमच्या साडूलाही असाच आला होता…' पुढे काय झालं ते पेशंटच्या समोर सांगायला ते कचरत नाहीत. पहिले पंधरा दिवस भेटीची वेळ ठरवा, अर्धा तास पुरे. वाईटपणा आपण घ्यायचा. ही पहारेदारी मला मान्य आहे.

ट्रेडमिलवरच्या बायका

पहाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक जुना प्रयोग सांगते. १९८५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. ॲटॅक येऊन तीनेक आठवडे झालेले तीस पुरुष होते, त्यांची ट्रेडमिल टेस्ट व्हायची होती. दहा जणांच्या बायका बाहेर बसल्या. दहा जणींनी आत उभं राहून टेस्ट पाहिली. उरलेल्या दहा जणींनी ती पाहिली आणि मग, नवऱ्याने गाठला होता त्याच वेगाला आणि चढाला, तीन मिनिटं स्वतः चालून बघितलं. त्यानंतर सगळ्यांना विचारलं, नवऱ्याचं हृदय किती झेपवेल असं तुम्हाला वाटतं? बाहेर बसलेल्यांची आणि नुसतं पाहिलेल्यांची मतं नवऱ्यांच्या स्वतःबद्दलच्या अंदाजापेक्षा बरीच खाली राहिली. चालून बघितलेल्यांचा विश्वास मात्र नवऱ्यांच्या बरोबरीला आला.

मला हा प्रयोग फार आवडतो. त्या बायकांना कुणी समजावलं नाही की घाबरू नका. त्यांच्या पायांना कळलं की एवढा चढ हा माणूस चढला आणि त्याला काही झालं नाही. प्रेमापोटी अती जपणं पेशंटला सुखाचं वाटत नाही, उलट त्याचा स्वतःवरचा भरवसा कमी होतो. प्रत्येक पिशवी हातातून काढून घेतली की त्याला संदेश जातो, तू आता अधू आहेस.

आपल्याकडे यातून काय करता येईल? फॉलोअपला बरोबर जा आणि आत बसा. टेस्ट असेल तर बघू द्या म्हणून विचारा. कार्डियाक रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली ठरवून केलेला व्यायाम, जवळ कुठे असेल तर दोघंही जा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत ते असतं, लहान गावात शोधावं लागतं. नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने रोजचं चालणं एकत्र करा. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी, दिवसातून दोनदा, सपाट रस्त्यावर, जेवल्या जेवल्या नाही. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हा प्रश्न पुष्कळांचा असतो. दर मजल्यावर थांबत, सावकाश चढायला बहुतेकांना चालतं, पण डिस्चार्जच्या वेळी नेमकं हेच विचारून घ्या. 'जपून राहा' असं मोघम उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा: किती मजले, किती किलो, गाडी कधीपासून, कामावर कधीपासून?

पुन्हा आला तर?

हा प्रश्न मनातून जात नाही, त्यापेक्षा त्याचं उत्तर लिहून फ्रिजवर लावा.

छातीत आवळल्यासारखं किंवा जड दडपण, ते हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ. यातलं काही झालं की बसवायचं, चालवायचं नाही. जिना उतरवायचा तर खुर्चीत बसवून. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती बसून एक घ्यायची, आणि पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. ती लवकर येण्यासारखी नसेल तर शेजाऱ्याची गाडी, पण पेशंटने स्वतः चालवायची नाही. ॲस्पिरिन चावून घ्यायची का आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. काहींना ती चालत नाही. कुणी दुसऱ्याची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगेल, तर नको. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती घातक ठरते. आणि 'जोरजोरात खोका' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा उपाय खोटा आहे. कुठल्या हॉस्पिटलात कॅथ लॅब चोवीस तास चालू असते, ते आजच शोधून ठेवा. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल तेच असेल असं नाही.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नाही किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतोय, तर तो अरेस्ट आहे. १०८ ला फोन करून स्पीकरवर ठेवा. छातीच्या मध्यभागी हाडावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात दाबा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. फासळी मोडली तरी चालेल. हे एकदा शिकून या, अर्ध्या दिवसात येतं. रात्री छाती वरखाली होतेय का बघत जागण्यापेक्षा हे शिकून झोपलेलं बरं.

ॲटॅक बायकोला आला असेल तर

बाईचा ॲटॅक ओळखायलाच उशीर होतो. छातीत दुखणं तिलाही असतं, पण सोबत पाठ, जबडा, मळमळ, कमालीचा थकवा असं जास्त असतं, आणि घर म्हणतं, 'दमलीस, जरा पड.' मधुमेह असेल तर दुखणं कधीकधी जवळजवळ जाणवतही नाही. मशेरी लावणाऱ्या बायकांना तंबाखूबद्दल विचारलं तर त्या 'नाही' म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी तंबाखूत धरत नाहीत. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आणि घरी आल्यावर पुरुष पेशंट पलंगावर असतो, बाई पेशंट आठवड्याभरात ओट्याशी. तिला कुणी जा म्हणत नाही, पण पर्यायही कुणी ठेवत नाही. पाण्याची बादली, पाच लिटरचा भरलेला कुकर, ओल्या चादरी पिळणं ही सगळी वजनं आहेत, जिममध्ये नसली तरी. नवऱ्याने 'काही लागलं तर सांग' म्हणू नये. तिने वर्षानुवर्षं सांगितलेलं नसतं, आताही सांगणार नाही. दोन महिन्यांसाठी पोळ्यांना बाई लावा किंवा डबा लावा, आणि तिचं चालणं रोज ठरलेल्या वेळी व्हावं एवढं स्वतःकडे घ्या. जेवण कुणाही एकासाठी वेगळं करू नका. पापड, लोणचं, फरसाण कमी करायचं तर सगळ्या घराने. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम चमचाभर, आणि सैंधवही मीठच असतं.

न बोललं जाणारं

ॲटॅकनंतर माणूस बदलल्यासारखा वाटतो. चिडतो, टीव्ही बघताना डोळे पुसतो, 'मी नसलो तर' अशी वाक्यं टाकतो. पहिल्या काही आठवड्यांत हे साहजिक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन नाही, झोप नाही, गोळ्या घ्यायचाही कंटाळा, असं दिसलं तर ते नैराश्य असू शकतं. साधारण पाचांतल्या एकाला ते गाठतं, आणि त्याचा हृदयाच्या बरं होण्यावर परिणाम होतो. हृदयाच्या पेशंटला चालणारी औषधं आहेत, हृदयरोगतज्ज्ञांनाच सांगा.

शरीरसंबंधाबद्दल डॉक्टर बहुधा आपण होऊन बोलत नाहीत, आणि जोडपी महिनोन्महिने पाठ फिरवून झोपतात. नियम सोपा आहे: दोन जिने भराभर चढून छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर हृदयाला ते झेपतं. गुंतागुंत नसेल तर काही जणांना आठवड्या-दोन आठवड्यांतही हरकत नसते. बीटा ब्लॉकरने किंवा नुसत्या धास्तीने पुरुषाला अडचण येऊ शकते. त्यासाठी दुकानातून व्हायग्रासारखी गोळी परस्पर आणू नका. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर बीपी धोकादायक कोसळतं.

आणि आपण? डेन्मार्कमधल्या सरकारी नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदार ॲटॅकमधून वाचला तरीही पुढच्या वर्षात नैराश्यावरची औषधं घेणारे नवरे-बायका आधीपेक्षा वाढलेले त्यात दिसले. नवऱ्यांना हा धक्का बायकांपेक्षा जास्त बसलेला होता. तेव्हा पुरुषाने घट्ट राहावं वगैरे सोडा. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलतो. त्यासाठी वेड लागायची गरज नसते, झोप लागत नाही एवढं कारण पुरतं.

आपल्याच छातीत दुखलं तर 'टेन्शनचं असेल' म्हणून सोडू नका. मोठ्या मानसिक धक्क्याने, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, हृदयाचा स्नायू तात्पुरता ढिला पडतो आणि सगळी लक्षणं ॲटॅकसारखी असतात. नुसत्या ईसीजीनेही फरक कळत नाही, अँजिओग्राफी आणि इको करावा लागतो. शिवाय वीस वर्षं आपण एकाच डब्यातलं तेल आणि एकाच बरणीतलं लोणचं खाल्लेलं आहे. जोडीदाराच्या पहिल्या फॉलोअपलाच आपलं बीपी मोजून घ्या, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला द्या. घरातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत ॲटॅक आला असेल, तर सख्ख्या भावंडांनी आणि सज्ञान मुलांनीही हेच करायचं. मुलगा २४ वर्षांचा आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून तो टाळेल. त्याची अपॉइंटमेंट आपणच घ्या.